दक्षिण सुदानची शस्त्रबंदी आणि आपली प्रार्थना



काही रविवारांपूर्वी सकाळच्या दुसऱ्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत एक विनंती वाचली गेली. युद्धाने होरपळलेल्या गरीब देशांवर लादलेले निर्बंध लवकर उठावेत, अशा अर्थाची ती होती. चिठ्ठी आपल्या युवकांनी लिहिली होती. मिस्सापूर्वी त्यांनी ती आम्हांला दाखवली, आम्ही वाचली आणि ठीक आहे म्हणून परत दिली. मंडळींनीही नेहमीप्रमाणे एका सुरात प्रतिसाद दिला.

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारात एक वडीलधारे काका थांबले होते. उमेदीची वर्षे त्यांनी सैन्यात काढली आहेत. त्यांनी विचारले, "फादर, आज आपण कुठल्या देशासाठी प्रार्थना केली?" युवकांशी आमचे बोलणे झाले होते, म्हणून आम्ही दक्षिण सुदानचे नाव सांगितले. काका म्हणाले, "तिथं बंदी बंदुकांवर आहे, धान्यावर नाही. बंदुका जाऊ द्या, असं आपण देवाला साकडं घातलं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दोष युवकांचा नाही. त्यांच्या मनात भुकेली मुले होती आणि त्यांची कळकळ खरी होती. चिठ्ठी वाचूनही ज्याने ती पुढे जाऊ दिली, तो दोष आमचा. म्हणून या अंकात थोडा अभ्यास एकत्र करू या.

'निर्बंध' हा एकच शब्द वर्तमानपत्रांत फार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. जगाच्या शांततेला धोका निर्माण झाला, तर सैन्य न पाठवता इतर उपायांनी दबाव आणण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ४१ वे कलम सुरक्षा परिषदेला देते. हे उपाय कोणते? एखाद्या देशाशी सगळा व्यापार थांबवणे हा एक. त्या देशाला फक्त शस्त्रे न विकणे हा दुसरा. ठरावीक पुढाऱ्यांची आणि सेनापतींची परदेशातली मालमत्ता गोठवून त्यांना प्रवासास मनाई करणे हा तिसरा. पहिल्या उपायाचा घाव रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईवर बसतो. तिसऱ्याची तिला खबरही नसते.

हा फरक महाराष्ट्रातल्या माणसाला समजायला कठीण नाही. जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते म्हणजे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. चूक एकाची असो वा नसो, पण दुकानातले सामान बंद होते ते सगळ्या घराचे, लग्नाचे आमंत्रण बंद होते ते सगळ्या घराचे, आणि मयत झाली तर खांदा द्यायलाही कोणी येत नाही. या प्रथेविरुद्ध आपल्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. मात्र दोन भाऊ हमरीतुमरीवर आले असता शेजाऱ्यांनी त्यांच्या हातातले कोयते काढून घेतले, तर त्याला कोणी वाळीत टाकणे म्हणत नाही.

इराकचा धडा

निर्बंधांविषयी आमच्या मनात अढी बसली ती इराकमुळे, आणि ती आम्ही बरीच वर्षे तपासून पाहिली नाही. म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव करून इराकशी जवळजवळ सगळा व्यापार थांबवला. औषधांना सूट होती, अन्नाला काही अटींवर सूट होती. पण तेल विकता येत नाही म्हटल्यावर अन्न घ्यायला पैसा कुठून येणार? शिक्षकांचे, डॉक्टरांचे पगार मातीमोल झाले. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर शिकली-सवरलेली माणसे घरातली पुस्तके विकायला बसली. तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना १९९५ मध्ये मंजूर झाली, पण त्या योजनेतले पहिले धान्य इराकमध्ये पोहोचायला १९९७ चा मार्च उजाडला. तिथे संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये. या निर्बंधांना आपला हातभार लागावा, हे दोघांच्याही विवेकाला पटले नाही.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो तो हाच काळ. भिंतीवरच्या फलकावर कोणीतरी एक आकडा लिहिला होता : पाच लाख बालके. निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच वर्षांखालची पाच लाख मुले दगावली, असे तेव्हा जगभर सांगितले जात होते. आम्ही तो आकडा उचलला आणि पुरोहितदीक्षेनंतर प्रवचनांतूनही सांगितला. पुढे समजले की, ज्या पाहणीवर तो आधारला होता तिच्यात सद्दाम हुसेनच्या राजवटीने फेरफार केला होता. २००३ नंतर झालेल्या पाहण्यांत बालमृत्यूंची तशी लाट दिसलीच नाही. लंडनमधल्या दोन अभ्यासकांनी २०१७ मध्ये हे सगळे एकत्र मांडले. आकडा चुकीचा होता म्हणून इराकी लोकांचे हाल खोटे ठरत नाहीत. पण जुलमी राजा आपल्याच प्रजेची उपासमार प्रचारासाठी वापरतो, आणि आमच्यासारखी भाबडी माणसे ती व्यासपीठावरून गाजवतात, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात.

इराकच्या निर्बंधांत आणखी एक दोष होता. तो वरून दिसत नाही, पण आपल्या विषयासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या ठरावाला अखेरची तारीख नव्हती. निर्बंध उठवायचे तर नवा ठराव हवा, आणि त्याला पाच कायम सदस्यांपैकी कोणीही एक जण नकाराधिकार वापरून अडवू शकत होता. दार बंद करायला सर्वांची संमती लागली होती, पण ते बंदच ठेवायला एकटा पुरेसा होता. हे दार तेरा वर्षे बंद राहिले. सद्दामची राजवट युद्धाने संपली, आणि त्यानंतरच, मे २००३ मध्ये, ते उघडले.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचे सार सांगणारा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निर्बंधांचा विचार आहे. ग्रंथ निर्बंध सरसकट नाकारत नाही, पण अटी कडक घालतो. त्यांचा हेतू वाटाघाटींचा मार्ग मोकळा करण्याचा असावा, संपूर्ण जनतेला शिक्षा करण्याचा नसावा. त्यांचे परिणाम वेळोवेळी तपासावेत. आर्थिक नाकेबंदी मर्यादित काळाचीच असावी, आणि तिचा फटका सरसकट सगळ्यांना बसत असेल तर ती समर्थनीय ठरत नाही. इराकचा अनुभव ताजा असतानाच हा ग्रंथ आला, हे वाचताना लक्षात येते.

सर्वांत तरुण देश

आता दक्षिण सुदान. आफ्रिकेतल्या या देशात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि त्यांत कॅथलिकांची संख्या मोठी आहे. दीर्घ यादवीनंतर जानेवारी २०११ मध्ये तिथे सार्वमत झाले आणि जवळजवळ ९९ टक्के लोकांनी स्वतंत्र देशाच्या बाजूने कौल दिला. ९ जुलै २०११ रोजी देश स्वतंत्र झाला. पण अडीच वर्षेही झाली नाहीत तोच, १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री, राजधानी जुबामध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार यांच्या बाजूचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले. एक पुढारी डिंका जमातीचा, दुसरा नुएर. काही दिवसांतच रस्त्यावरच्या माणसाला त्याची जमात विचारून मारले जाऊ लागले.

आपल्या देशाचेही रक्त तिथे सांडले आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि शांतिसेनेतले पाच भारतीय जवान ठार झाले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबो येथील तळावर सशस्त्र जमाव चालून आला. आश्रयाला आलेल्या डिंका लोकांना तो ठार मारायला आला होता, आणि त्या लोकांना वाचवताना आणखी दोन भारतीय जवान धारातीर्थी पडले. काकांना दक्षिण सुदानची माहिती एवढी कशी, ते आम्हांला नंतर कळले. सैन्यातली माणसे अशा तारखा विसरत नाहीत.

पुढच्या पाच वर्षांत काय घडले? लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की, युद्ध झाले नसते तर जे जगले असते असे सुमारे ३ लाख ८३ हजार लोक दगावले. त्यांतले निम्मे हिंसेने, बाकीचे रोगराईने, भुकेने आणि उपचाराअभावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटी प्रांताच्या काही भागात अधिकृतपणे दुष्काळ जाहीर करावा लागला. तो दुष्काळ पावसाने आणला नव्हता. शेत पेरायला माणूस घरी राहिलेला नव्हता, आणि मदतीच्या गाड्या वाटेत लुटल्या जात होत्या. या भुकेला कारण कोणताही निर्बंध नव्हता. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी लागूही झाली नव्हती. युवकांच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचे तर एवढे एकच पुरेसे आहे.

या सगळ्या काळात शस्त्रे येत राहिली. दक्षिण सुदानमध्ये बंदुकीचा कारखाना नाही. २०१४ मध्ये चीनच्या एका सरकारी कंपनीकडून हजारो रायफली आल्या. पूर्व युरोपातल्या देशांनी विकलेला माल युगांडामार्गे पुढे गेल्याचेही तपासात उघड झाले. किंमत तेलाच्या पैशातून चुकती होत होती. सरकारच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग तेलाचा आहे, आणि त्या तेलात आपल्या भारतातल्या सरकारी कंपनीनेही भांडवल गुंतवले आहे. ही गोष्ट आपण सोयीने विसरतो.

हात वर न करणारे

नोव्हेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे वंशसंहार-प्रतिबंधक सल्लागार अदामा दियेंग यांनी जुबाला भेट दिली आणि तिथे वंशसंहार होण्याचा धोका आहे, असा स्पष्ट इशारा दिला. त्यानंतर अमेरिकेने शस्त्रबंदीचा ठराव मांडला. २३ डिसेंबर २०१६ रोजी, नाताळला दोन दिवस असताना, मतदान झाले.

सुरक्षा परिषदेत पंधरा देश असतात. ठराव संमत व्हायला नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरता कामा नये. त्या दिवशी ठरावाच्या बाजूने सात मते पडली. विरोधात किती? शून्य. एकाही देशाने 'नाही' म्हटले नाही. आठ देश तटस्थ राहिले आणि ठराव पडला.

हा निकाल आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. तिथे खलनायक कोणी नव्हता. तटस्थ राहणाऱ्यांत जपान होता. त्याचे सुमारे साडेतीनशे अभियंते-सैनिक जुबात शांतिसेनेत होते आणि यजमान सरकारला दुखवले तर त्यांच्या जिवाला धोका होईल, ही त्याची चिंता होती. सेनेगल, अंगोला, इजिप्त, मलेशिया, व्हेनेझुएला, चीन आणि रशिया यांचीही आपापली कारणे होती. काहींना वाटत होते की, बंदी घातली तर वाटाघाटी बिघडतील. प्रत्येक कारण सुटे सुटे घेतले तर समजण्यासारखे आहे. एकत्र केले की त्यांचा परिणाम विरोधी मताइतकाच झाला, आणि जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर लागली नाही. मिस्साच्या आरंभी पापांची कबुली देताना आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ते शब्द तोंडपाठ असल्यामुळे आपण त्यांवरून घसरत पुढे जातो.

शेवटी १३ जुलै २०१८ रोजी २४२८ क्रमांकाच्या ठरावाने शस्त्रबंदी लागू झाली. नऊ मते बाजूने, सहा तटस्थ. एक मत कमी पडले असते तर तोही ठराव पडला असता. दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, अदिस अबाबा येथे कीर आणि माचार यांनी नव्या शांतता करारावर सह्या केल्या. बंदीमुळेच करार झाला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण शेजारी देशांचा दबाव मोठा होता. पण बंदी आली तर वाटाघाटी मोडतील, ही भीती मात्र खरी ठरली नाही.

या ठरावाची रचना इराकच्या उलट आहे. याला अखेरची तारीख आहे. २०१९ पासून ती दर वर्षी ३१ मे ही राहिली. तोपर्यंत नऊ देशांनी पुन्हा हात वर केला नाही, तर बंदी आपोआप संपते. म्हणजे बंदी टिकवण्याचे ओझे ती हवी म्हणणाऱ्यांवर आहे, आणि त्यांना दर वर्षी नव्याने कारण द्यावे लागते. ख्रिस्तसभा ज्याला मर्यादित काळ आणि वेळोवेळी तपासणी म्हणते, ते हेच. तपासणी करायला पाच तज्ज्ञांचे मंडळ नेमलेले असते. ते लोक विमानतळ, सीमा, मालवाहतुकीची कागदपत्रे आणि रणांगणावर पडलेली काडतुसेसुद्धा तपासतात. २०२१ मध्ये परिषदेने निकषही ठरवून दिले. दोन्ही बाजूंच्या सैनिकांची एक फौज उभी करणे, शस्त्रसाठ्याची नीट नोंद आणि राखण, स्त्रियांवरील अत्याचार रोखण्यासाठी कृती, असे ते निकष आहेत. ते पुरे करा, बंदी सैल होईल, असा सौदा आहे. आणि ती थोडी सैल झालीही. शांतता करार राबवण्यासाठी लागणारे प्राणघातक नसलेले लष्करी साहित्य २०२२ मध्ये बंदीतून वगळले गेले, आणि २०२३ मध्ये त्याची आगाऊ सूचना देण्याची अटही काढून टाकली गेली.

मदतीच्या अन्नाचे काय, असे युवक विचारतील. शस्त्रबंदी अन्नाला लागूच नाही. ज्यांची मालमत्ता गोठवली आहे अशा माणसांच्या ताब्यातल्या भागात मदत पोहोचवणे मात्र कायद्याने अडचणीचे होऊ शकत होते. ती अडचण डिसेंबर २०२२ मधील २६६४ क्रमांकाच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांच्या सर्व निर्बंधांपुरती बरीच दूर केली. चौदा देशांनी बाजूने मत दिले, एकटा भारत तटस्थ राहिला. मदतीच्या आडून दहशतवादी गट फायदा उठवतील ही आपल्या देशाची काळजी होती, आणि ज्यांनी २६ नोव्हेंबर पाहिला आहे ते तिला हसणार नाहीत.

शस्त्रबंदीच्या मुदतवाढीवरही भारत २०२१ आणि २०२२ मध्ये तटस्थ राहिला. आपले दोन हजारांहून अधिक जवान तिथे शांतिसेनेत होते. करारात जी प्रगती झाली तिची दखल निर्बंध ठरवताना घेतली पाहिजे, अशी भारताची भूमिका होती. जो देश आपली मुले तिथे पाठवतो त्याला बोलण्याचा अधिकार आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीही आमच्या मनात प्रश्न राहतोच. ज्या बंदुकांच्या समोर ते जवान उभे राहतात, त्या वाढू नयेत म्हणून मत द्यायला आपण का कचरावे?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

शस्त्रबंदीला विरोध करणारे सगळेच युद्धखोर नसतात. दक्षिण सुदानच्या सरकारचे म्हणणे असे की, एकत्रित फौज उभी करा म्हणता आणि तिला शस्त्रे घेऊ देत नाही, हे कसे? कवायतीत लाकडी बंदुका घेतलेल्या जवानांची छायाचित्रे जगाने पाहिली आहेत. आफ्रिकी देशांना वाटते की, आपल्या खंडाविषयीचे निर्णय दूरच्या राजधान्यांत होतात. या भावनेला इतिहासाचा आधार आहे. ज्या देशांनी बंदीच्या बाजूने मत दिले त्यांतले काही स्वतः जगातले मोठे शस्त्रविक्रेते आहेत, हेही विसरता येत नाही.

आणि बंदी गळकी आहे. मार्च २०२५ मध्ये युगांडाने जुबात सैन्य उतरवले, तेव्हा हे शस्त्रबंदीचे उल्लंघन आहे असे मानवी हक्क संघटनांनी म्हटले. त्याच महिन्यात रीक माचार यांना नजरकैदेत टाकण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये व्हायच्या निवडणुका आधीच डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलल्या गेल्या होत्या. ३ मे २०२५ रोजी जुने फंगाक येथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या रुग्णालयावर हवेतून बॉम्ब पडले, औषधांचे कोठार जळाले आणि त्या गावात किमान सात जण मेले. सात वर्षे बंदी असताना! मग ती हवी कशाला?

इथे सेमिनरीत शिकलेले थोडे तत्त्वज्ञान उपयोगी पडते. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून दुहेरी परिणामाचा नियम आला. एका कृतीतून चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम होत असतील, तर आपण विचारायचे : चांगले हे त्या वाईटातून तर साधायचे नाही ना? संपूर्ण व्यापारबंदीची अडचण नेमकी हीच आहे. राजा नमावा म्हणून प्रजेला उपाशी ठेवायचे. तिथे प्रजेची भूक हा चुकून झालेला परिणाम नसतो. ती हत्यार असते. शस्त्रबंदीत तसे नाही. बंदूक न मिळाल्याने कोणाचे मूल उपाशी राहत नाही. नव्या फौजेला शस्त्र कमी पडते हा तोटा खरा आहे, पण चांगला परिणाम त्या तोट्यातून जन्मत नाही. म्हणून दोन्हींना 'निर्बंध' हे एकच नाव असले तरी नैतिकदृष्ट्या त्या दोन वेगळ्या कृती आहेत.

गळकेपणाविषयी आमचे मत असे आहे. कायदा मोडला जातो हे कायदा रद्द करण्याचे कारण होत नाही. बंदीच्या आधी शस्त्रविक्री हा उघड व्यवहार होता, त्यावर पावती मिळत होती. बंदीनंतर तो चोरीचा व्यवहार झाला. माल लपवावा लागतो, दलाल जास्त पैसे मागतो, सुटा भाग वेळेवर मिळत नाही आणि सुट्या भागाशिवाय लष्करी हेलिकॉप्टर उडत नाही. शिवाय विकणाऱ्यालाही कळते की आपण काय करत आहोत. वाईट कृत्यात जाणूनबुजून साधन पुरवणाऱ्याला ख्रिस्ती नीतिशास्त्र निर्दोष मानत नाही, मग घाव त्याने स्वतः घातला नसला तरी. बंदीमुळे विक्रेत्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणायची सोय उरत नाही. एवढे तरी ती नक्की साधते.

पोप फ्रान्सिस यांनी ११ एप्रिल २०१९ रोजी व्हॅटिकनमध्ये कीर, माचार आणि इतर पुढाऱ्यांसमोर गुडघे टेकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले, ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेच पोप फेब्रुवारी २०२३ मध्ये अँग्लिकन आणि स्कॉटिश चर्चच्या प्रमुखांसह जुबाला गेले. तिथे राज्यकर्त्यांसमोर बोलताना, बंदी असूनही शस्त्रे या भागात येत आहेत आणि त्यांचा ओघ आवरला पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पायांचे चुंबन घेणाऱ्याने बंदुकांचा विषय टाळला नाही. त्या देशातल्या ख्रिस्तसभेला बंदुकीचा अर्थ सांगावा लागत नाही. रुम्बेकचे नियुक्त महागुरुस्वामी ख्रिश्चन कार्लासारे यांच्या दोन्ही पायांत एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याच निवासस्थानी गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुबाकडे परतणाऱ्या बसवर हल्ला झाला आणि दोन धर्मभगिनी मारल्या गेल्या.

फंगाकच्या रुग्णालयावर बॉम्ब पडल्यानंतर सत्तावीस दिवसांनी, ३० मे २०२५ रोजी, सुरक्षा परिषदेत पुन्हा मतदान झाले. बंदीला ३१ मे २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. बाजूने नऊ, तटस्थ सहा. २०२४ मध्येही आकडे हेच होते. या नऊंत गयाना, पनामा, स्लोव्हेनिया यांसारखे लहान देश होते. त्यांच्यापैकी एकाने जरी हात खाली ठेवला असता तरी बंदी दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपली असती.

युवकांशी आम्ही बोललो आहोत. त्यांनी चिठ्ठी नव्याने लिहिली आहे. तिच्यात आता देशाचे नाव आहे, विस्थापितांसाठी अन्न पोहोचावे ही विनंती आहे, आणि शस्त्रे विकणाऱ्यांसाठी व तटस्थ राहणाऱ्यांसाठीही एक वाक्य आहे. त्या वाक्यावर गटात बरीच वादावादी झाली. एका मुलीचे म्हणणे होते की तटस्थ राहणाऱ्यांत आपणही येतो, तेव्हा 'त्यांच्यासाठी' असे न लिहिता 'आमच्यासाठी' लिहावे. शब्द अजून ठरलेला नाही. ज्यांना या चर्चेत भाग घ्यायचा असेल त्यांनी बुधवारी सायंकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये यावे. काका येणार आहेत, आणि आफ्रिकेचा मोठा नकाशा त्यांनीच मिळवून दिला आहे.